एटा करिना उजळतोय, पण फुटण्यासाठी नव्हे

दक्षिण आकाशातील एटा करिना हा तारा गेली काही दशके उजळत चालला आहे. त्यामुळे ‘आता याचा स्फोट होणार’ अशी चर्चा अधूनमधून रंगते. ब्राझीलचे खगोलशास्त्रज्ञ आगुस्तो दामिनेली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलेला निष्कर्ष वेगळा आहे. तारा जवळपास होता तसाच आहे. बदलते आहे ती त्याच्यापुढची धूळ.

ही धूळ ताऱ्यानेच उधळलेली. सुमारे ७,५०० प्रकाशवर्षे दूर असलेली ही खरे तर ताऱ्यांची जोडी. त्यातल्या थोरल्याचे वस्तुमान सूर्याच्या शंभरपटीच्या आसपास. एवढ्या मोठ्या ताऱ्याचा प्रकाशच त्याचे बाहेरचे थर ढकलत असतो आणि गुरुत्वाकर्षण ते जेमतेम धरून ठेवते. १८४०च्या आसपास हा तोल बिघडला. १८४३ मध्ये एटा करिनाने अगस्त्यालाही मागे टाकले. पुढे उरला फक्त व्याध. सूर्याच्या किमान दहापट वस्तुमान बाहेर फेकले गेले. एरवी एवढ्या उद्रेकात तारा संपतो, हा टिकला.

फेकलेला वायू अजूनही सेकंदाला सुमारे ६५० किलोमीटर वेगाने पसरतो आहे. दोन फुगे चिकटवावेत तसा हा तेजोमेघ. नाव ‘होमंक्युलस’, म्हणजे छोटा माणूस. (जुन्या, अस्पष्ट छायाचित्रांत तो माणसासारखा वाटला होता. हबलच्या चित्रात माणूस शोधूनही सापडत नाही.) वायू निवताना त्यात धूळ तयार झाली आणि तारा नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला.

मग तारा बदलला नाही, हे कशावरून? तेजोमेघ आरशासारखे काम करतो. त्याच्यावर ताऱ्याचा प्रकाश सगळ्या दिशांनी पडतो, आणि तेजोमेघाची चमक फारशी वाढलेली नाही. वाढले आहे ते फक्त आपल्या दिशेने येणारे तेज. म्हणजे आपल्या आणि ताऱ्याच्या मधला धुळीचा पुंजका विरतो आहे. २०३२च्या सुमारास तो हटेल, असा या गटाचा अंदाज आहे. तेव्हा ताऱ्याच्या झगझगाटात होमंक्युलसच झाकला जाईल. त्यामुळे तेजोमेघाचा बारकाईने अभ्यास करायला हाती असलेली वर्षे मोजकीच आहेत.

एटा करिना कधीतरी फुटेल, हे नक्की. पण त्याच्या सध्याच्या उजळण्यावरून तारीख काढता येत नाही, आणि एवढ्या अंतरावरून पृथ्वीला धोकाही नाही. एप्रिलच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास महाराष्ट्रातून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम दहा अंश वर येतो. गोव्यातून थोडा अधिक. दक्षिणेला अंधार आणि मोकळे क्षितिज असेल, तर साध्या बायनॉक्युलरमधूनही सापडतो.