घर आणि विज्ञान : न विणलेले कापड

वाण्याकडे किंवा लग्नसमारंभात हाती पडणाऱ्या रंगीत, मऊसर पिशवीला आपण निःशंकपणे ‘कापडी’ म्हणतो. भिंगातून पाहिले तर तीत ताणाही नाही नि बाणाही नाही. तंतू नुसते एकमेकांवर पसरून चिकटविलेले. आणि ते तंतू बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे प्लास्टिकचेच! म्हणूनच ३० सप्टेंबर २०२१ पासून अशा न विणलेल्या प्लास्टिकच्या, प्रति चौरस मीटर ६० ग्रॅमहून हलक्या पिशव्यांवर देशभर बंदी आली.

यात दोष न विणण्याच्या पद्धतीचा नव्हे. खोगिराखालचा नमदा न विणलेलाच असतो. लोकरीच्या तंतूंवर खवले असतात. ओलावून मळली की ती आपोआप गुंतते. वनस्पतींच्या तंतूंना ही सोय नाही. त्यांना दातेरी सुयांनी टोचून, पाण्याच्या जोरदार धारांनी गुंतवून वा चिकट द्रव्याने बांधून ठेवावे लागते. काथ्याची गादी हे घरातले उत्तम उदाहरण : कुरळ्या केलेल्या काथ्यावर रबराचा चीक फवारतात. काथ्यात लिग्निन विपुल असल्याने तो सहजी कुजत नाही. उतारावरची माती धरून ठेवण्यासाठी काथ्याचे थर अंथरतात तेही याचमुळे. गवत रुजेपर्यंत तो टिकतो, मग मातीत मिसळतो.

भिजल्यावर प्रत्येक तंतूची जात कळते. कापूस ओला झाला की अधिक बळकट होतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेला व्हिस्कोज मात्र पुष्कळ दुबळा पडतो. फिलिपाइन्समधील अबाका ही केळीचीच बहीण. तिच्या तंतूंचे पूर्वी जहाजांचे दोर वळत. आज उकळत्या पाण्यातही न फाटणारा चहाच्या पुडीचा कागद त्यांपासून करतात. पुडीच्या कडा उष्णतेने चिकटविलेल्या असल्या, तर त्यात बहुधा प्लास्टिकचे तंतूही असतात.

गृहिणींनी एक परीक्षा अवश्य करावी. लहानसा तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून पेटवावा. वनस्पतिज तंतू कागदासारखे जळून त्यांची भुसभुशीत राख उरते. प्लास्टिक आक्रसते, वितळते व त्याचा टणक मणी होतो. दोन्ही दिसले, तर मिश्रण समजावे.

बाळाला पुसण्याच्या ओल्या फडक्यांच्या वेष्टनावर ‘व्हिस्कोज’ वा ‘कापूस’ असे लिहिलेले असले, तरी ती शौचकूपात टाकू नयेत. ती कुजतात हे खरे. पण नळ तुंबायला तेवढी सवड पुरते.