परशुराम येतोय, पण बळीराजाचा भाग कुठं गेला?



आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. वंदना झाली, गणित-इंग्रजीची उजळणी झाली की शेवटची पंधरा-वीस मिनिटं गप्पांची असतात. गेले काही महिने या गप्पांचा विषय एकच आहे, ‘महावतार नरसिंह’. कुणी तो थिएटरात पाहिलाय, बऱ्याच जणांनी मोबाइलवर. नववीतला एक पोरगा म्हणतो, पिक्चर चालला तो ग्राफिक्समुळं. दुसरा त्याला गप्प करतो, “ग्राफिक्स ‘डेमन स्लेयर’च्या जवळपास तरी आहे का? लोकांच्या भक्तीमुळं चालला.” तिसऱ्याला पुढचे सगळे भाग वर्षांसकट पाठ आहेत. त्याची काळजी वेगळीच : “शेवटचा भाग येईल तेव्हा आपण किती मोठे असू?”

परवा या भांडणात सहावीतल्या एका मुलीनं मध्येच विचारलं, “नरसिंहानं हिरण्यकश्यपूला मारलं. मग पुढच्या पिक्चरमध्ये परशुराम कुणाला मारणार?”

वर्ग गप्प झाला. खरं तर आम्हीही क्षणभर गप्प झालो. कारण या प्रश्नाचं उत्तर त्या वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाच्या आडनावाशी येऊन भिडतं.

आधी यशाबद्दल बोलू. यश नाकारून विचार करता येत नाही. अश्विन कुमार दिग्दर्शित हा चित्रपट २५ जुलै २०२५ ला आला. त्यात स्टार नाही, आयटम साँग नाही. पहिल्या दिवसाची देशातली कमाई दोन कोटींच्याही आत होती. पुढं तोंडी प्रसिद्धीवर तो आठवड्यामागून आठवडे वाढत गेला आणि जगभरात तीनशे कोटींच्या पुढं पोचला. भारतीय अ‍ॅनिमेशनपटानं एवढी कमाई याआधी कधी केली नव्हती. थिएटरात चपला काढून बसलेल्या, टाळ्या वाजवत भजन म्हणणाऱ्या प्रेक्षकांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. आणि हा सुटा चित्रपट नाही. सात चित्रपटांची मालिका जाहीर झालेली आहे : २०२७ मध्ये परशुराम, २०२९ मध्ये रघुनंदन, पुढं कृष्णावर दोन भाग आणि २०३५ व २०३७ मध्ये कल्की. म्हणजे आज सहावीत असलेली ती मुलगी नोकरीला लागेल, तोवर दर दोन वर्षांनी एक अवतार तिच्यासमोर येत राहणार आहे.

फॅन मंडळींची चर्चा काय चाललीय? परशुराम नरसिंहाएवढा चालेल का, कल्कीसाठी एवढं थांबायचं का, लढाईचे प्रसंग आणखी चांगले व्हायला हवेत का. ही चर्चा चुकीची नाही, पण ती अर्धी आहे. सिक्वेल म्हणजे फक्त पुढचा नायक नसतो, पुढचा खलनायकही असतो. आणि तो कोण, हे कुणीच विचारत नाहीये.

आमच्या चळवळीतल्या काही मित्रांची प्रतिक्रिया ठरलेली होती. एकानं ग्रुपवर लिहिलं, ‘आपल्या पोरांनी हा पिक्चर बघितलाच कसा?’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘बंदीची मागणी करा.’ दोघांचाही राग आम्हाला समजतो. दोघांशीही आम्ही सहमत नाही.

पोरांवर रागवण्याआधी त्यांना काय आवडलं ते विचारा. आम्ही विचारलं. त्यांना प्रल्हाद आवडला. एक लहान मूल, समोर जगाला भीती दाखवणारा राजा, तोही स्वतःचा बाप, आणि तरी ते मूल म्हणतं की मी ऐकणार नाही. हे आपल्या मुलांना आवडणार नाही तर कुणाला आवडेल? त्यांच्या बापजाद्यांनी गावकीच्या दहशतीला ‘ऐकणार नाही’ असंच म्हटलं होतं. मेलेली जनावरं ओढायला नकार दिला तेव्हा समोर कुणी कमी हिरण्यकश्यपू नव्हते. त्या कथेतलं धाडस मुलांनी बरोबर ओळखलं. आमचा आक्षेप त्या धाडसाच्या मुक्कामावर आहे. कथा त्या मुलाला सत्तेसमोर उभं करते आणि शेवटी सगळं काम खांबातून आलेल्या देवाकडं सोपवते. मुलानं फक्त नाम घ्यायचं, मारायला वरून कुणीतरी येणार. चवदार तळ्यावर कुणी खांबातून आलं नव्हतं. १९२७ मध्ये माणसंच चालत गेली आणि माणसांनीच ओंजळ भरली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं येऊ. या अवतारांची गोष्ट ओळीनं, एकेक भाग करून, उलट्या बाजूनं सांगायचं काम महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी झालेलं आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम या क्रमानं ते जातात. त्यांचा नरसिंह खांब फोडून येत नाही. तो आधी प्रल्हादाचं मन गुरूकरवी फितवतो आणि मग सिंहाचं सोंग घेऊन, दडून बसून, वाघनखांनी थकल्याभागल्या राजाला मारतो. जोतीरावांच्या लेखी हा दैवी न्याय नव्हे, विश्वासघातानं केलेला खून आहे.

आणि परशुराम? जोतीरावांच्या मांडणीत परशुरामाशी एकवीस वेळा लढलेले जे लोक हरले, तेच पुढं अतिशूद्र केले गेले. ‘महाअरी’ म्हणजे मोठा शत्रू, त्यावरून ‘महार’ हा शब्द त्यांनी लावला. म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचं ‘गुलामगिरी’तलं उत्तर असं आहे : बाळ, परशुराम तुझ्या पूर्वजांना मारणार आहे.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आमच्या वर्गात आम्ही मुलांनाही ती स्पष्ट केली. हे आम्ही शिलालेखावरचा इतिहास म्हणून सांगत नाही. बाबासाहेबांनी ‘हू वेअर द शूद्राज?’ हा ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला, पण १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमाची मांडणी करताना ते ‘महाअरी’वर थांबले नाहीत, त्यांनी ‘ब्रोकन मेन’चा स्वतंत्र सिद्धांत मांडला. गुरूला मान देऊनही पुरावा नव्यानं तपासायचा, ही आपली परंपरा आहे. मग ‘गुलामगिरी’चं मोल कशात आहे? गोष्ट मेलेल्याच्या बाजूनं वाचायला तिनं शिकवलं यात. पडद्यावर कुणी राक्षस म्हणून मरत असेल, तर त्याच्या घरी ही गोष्ट कशी सांगत असतील, एवढा एक प्रश्न मुलाच्या मनात पेरला तरी पुरे.

जोतीरावांचा विनोद फॅन मंडळींना माहीत नाही याचं आम्हाला फार वाईट वाटतं. परशुराम चिरंजीव आहे असं मानतात ना? मग जोतीरावांनी ‘गुलामगिरी’त थेट त्यालाच पत्र लिहिलं : खरंच जिवंत असाल तर सहा महिन्यांत हजर व्हा! ती मुदत संपून दीडशे वर्षं उलटली. साहेब आता येताहेत, तेही अ‍ॅनिमेशनमध्ये.

पण जाहीर झालेल्या यादीतली आम्हाला सगळ्यात बोलकी वाटते ती एक गैरहजेरी. नरसिंहानंतर अवतारांच्या क्रमात परशुराम येत नाही, वामन येतो. आणि वामनाची गोष्ट कुणाची? बळीची. बळी कोण? प्रल्हादाचा नातू. म्हणजे ज्या प्रल्हादावर देशभरातल्या प्रेक्षकांनी जीव लावला, त्याच्या घरातली पुढची पिढी. कथेच्या हिशेबानं याहून सरळ सिक्वेल दुसरा कुठला? तोच भाग सात चित्रपटांच्या यादीत नाही.

कारण काहीही असो, ही गोष्ट पडद्यावर आणणं अवघडच आहे. इथला ‘असुर’ कुणाचा छळ करत नाही. तो दान देतो, दिलेला शब्द पाळतो. समोरचा फसवतोय हे त्याचे गुरू शुक्राचार्य सांगतात, तरी तो मागं फिरत नाही. देव मात्र बटू होऊन येतो, तीन पावलं मागतो आणि त्याच्या डोक्यावर पाय ठेवतो. ही गोष्ट कितीही भव्य ग्राफिक्समध्ये दाखवा, थिएटरातल्या लहान मुलाचा जीव बळीकडंच जाणार. महाराष्ट्रातल्या आयाबायांचा गेलाच आहे. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ असं त्या ओवाळताना म्हणतात. शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो, वामनराजा कुणाला म्हणत नाही. केरळात ओणम साजरा होतो तो महाबली परत येतो म्हणून. ज्याला पाताळात गाडलं त्याची लोक दरवर्षी वाट पाहतात. पराभूत राजाचा एवढा लांबलेला सिक्वेल जगात फार थोड्या ठिकाणी असेल!

आता बंदीच्या मागणीबद्दल. मित्रांनो, १९८७ आठवा. बाबासाहेबांचं ‘रिडल्स इन हिंदुइझम’ महाराष्ट्र सरकारनं प्रसिद्ध केलं आणि राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून गदारोळ झाला. भावना दुखावल्या म्हणून ते काढा, अशी मागणी झाली. तेव्हा १९८८ च्या सुरुवातीला आपल्या माणसांनी मुंबईचे रस्ते भरून टाकले. कशासाठी? देवाधर्माची चिकित्सा छापण्याचा हक्क टिकावा म्हणून. ‘भावना दुखावल्या, बंदी घाला’ ही भाषा तेव्हा समोरच्यांची होती. आज आपण तीच उचलली तर उद्या ‘रिडल्स’चा बचाव कुठल्या तोंडानं करणार?

शिवाय ही कात्री कुणावर चालते ते आपण नुकतंच पाहिलंय. त्याच २०२५ मध्ये जोतीराव-सावित्रीमाईंवरचा ‘फुले’ हा चित्रपट ११ एप्रिलला, जयंतीच्या दिवशी येणार होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर मंडळानं ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ अशा शब्दांवर बोट ठेवलं, आणि चित्रपट २५ एप्रिलला आला. बरोबर तीन महिन्यांनी, २५ जुलैला, नरसिंह गर्जना करत आला. नोंद झालेल्या इतिहासातल्या जातींची नावं खटकतात, आणि पुराणातला वध सहकुटुंब सहपरिवार पाहण्यासारखा ठरतो. अशा देशात कात्रीची धार वाढवून मागणं म्हणजे आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणं. आणि ती कुऱ्हाड कुणाच्या हातात आहे, हे तर पुढचा भाग सांगेलच!

मग करायचं काय? आपला भाग आपण काढायचा.

हे स्वप्नरंजन नाही. जपानमध्ये ओसामू तेझुका यांनी १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं चित्रकथेतून बुद्ध उभा केला. त्यावर २०११ मध्ये अ‍ॅनिमेशनपट आला आणि २०१४ मध्ये दुसरा भाग. आपल्याकडं ‘भीमायन’मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी बाबासाहेबांचं आयुष्य चितारलं, तेही २०११ मध्येच. २०२५ चा सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा ऑस्कर मिळवणारा लाटव्हियाचा ‘फ्लो’ ब्लेंडर नावाच्या, कुणालाही फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तयार झालाय. त्यात एकही संवाद नाही. आमच्या वर्गातली दोन मुलं विहारातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तेच सॉफ्टवेअर शिकताहेत.

आणि पटकथा? ‘गुलामगिरी’ लिहिलीच आहे संवादात. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. त्यात बळीच्या राज्याचे कारभारी म्हणून खंडोबा, जोतिबा, म्हसोबा भेटतात. शेतातल्या ज्या शेंदरी दगडाला आपली आजी हात जोडायची, तो बळीच्या राज्यातला अधिकारी होता, ही कल्पना पडद्यावर कशी दिसेल याचा विचार करा. बुद्धाच्या चरित्रातला रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद घ्या. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये गृहत्यागाचं कारण म्हणून तो ठेवला. शाक्य आणि कोलीय पाण्यावरून युद्धाला निघालेत आणि एक तरुण भर सभेत उभा राहून बहुमताला नाही म्हणतोय. इथं कुणी राक्षस नाही, कुणाचा वध नाही, तरी श्वास रोखायला लावणारा प्रसंग आहे. पाण्यावरून भांडणाऱ्या महाराष्ट्राला तो समजावून सांगावा लागणार नाही.

फक्त एक सावधगिरी. स्पर्धेच्या नादात आपला बुद्ध चमत्कार करणारा, हातातून प्रकाशाचे झोत सोडणारा सुपरहिरो होऊ नये. बावीस प्रतिज्ञांतली चौथी अवतार नाकारते आणि पाचवी बुद्धाला विष्णूचा अवतार म्हणणं नाकारते. आपण बनवलेला बुद्ध अवतारासारखा दिसू लागला, तर त्यांना तो यादीत टाकायचीही गरज उरणार नाही.

पूर्वी हे काम जलशांनी केलं. शाहिरांकडं ना थिएटर होतं ना वितरक. कंदिलाच्या उजेडात, वस्तीच्या पटांगणात त्यांनी गण-गौळणीच्या जागी बाबासाहेबांचा विचार आणला आणि न शिकलेल्या माणसापर्यंत पोचवला. आज जयंतीच्या एका रात्रीत डीजेवर आपण जे उडवतो, त्यातल्या थोड्याशा वाट्यात दहा मिनिटांची एक फिल्म होते. हा हिशेब प्रत्येक जयंती मंडळानं या वर्षी बैठकीत मांडावा, एवढीच आमची मागणी आहे.

त्या मुलीला आम्ही उत्तर दिलं. जोतीराव काय म्हणतात ते सांगितलं, बाबासाहेब काय म्हणतात तेही सांगितलं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “मग बळीचा पिक्चर आपणच काढू. पण त्यात शेवटी तो पाताळात जाणार नाही.”

कुठं जाणार, ते ठरवायला पुढच्या रविवारी बैठक आहे. बलिप्रतिपदेपर्यंत पहिली दोन मिनिटं तयार करायची असं मुलांनी ठरवलंय. परशुराम यायच्या आत.

जय जोती! जय भीम!