वाढून आपण घेतले, मग बक्षिसी कोणाला?

गोव्यातल्या एका हॉटेलात चार दिवस राहून परत निघण्याच्या सकाळची गोष्ट. खोलीच्या भाड्यातच सकाळचा नाश्ता धरलेला होता. नाश्ता बुफे पद्धतीचा. म्हणजे इडली-सांबारापासून पोह्यांपर्यंत आणि पावापासून चिरलेल्या पपईपर्यंत सारे मांडून ठेवलेले. ज्याने त्याने उठावे आणि हवे ते, हवे तेवढे घ्यावे. आम्ही पाच जण होतो. आई, आम्ही दोघे, मुलगा आणि मुलगी. शेवटचा चहा झाला आणि सवयीने मी खिशातले पाकीट चाचपले. तेवढ्यात मुलगा म्हणाला, “बाबा, बुफेला कसली टिप? सगळं आपणच तर उठून आणलं!” मुलीने पुस्ती जोडली, “आणि बिलच नाही, तर दहा टक्के कशाचे काढणार?” दोन्ही मुद्दे बिनतोड होते. खरे सांगायचे तर मला ते पटलेही. पैसे वाचवणारा मुद्दा माणसाला चटकन पटतो.

आईला मात्र ते पटले नाही. “रोज माझा बिनसाखरेचा चहा न सांगता आणून ठेवत होता तो पोरगा, त्याचं काय?” ती म्हणाली. मग आम्ही त्या पोराला शोधू लागलो. तो नव्हता, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. तो नेमका कोण, हे दुसऱ्या वेटरला समजावताना आमची त्रेधा उडाली. “तो उंचसा... सावळा... केस मागे वळवलेला...” त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती. पण चार दिवसांत पाच माणसांपैकी एकानेही ती वाचली नव्हती. शेवटी दाराजवळच्या पेटीत शंभराची एक नोट टाकून आम्ही गाडीत बसलो, आणि आंबोलीचा घाट चढेपर्यंत गाडीत हाच वाद चालू राहिला.

वाद क्षुल्लक वाटेल. पण सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबात तो कधी ना कधी होतोच. एरवी हॉटेलात जेवायला गेलो की काय करायचे ते आपल्या अंगवळणी पडलेले असते. बडीशेपेच्या ताटलीत बिल येते, आपण पैसे ठेवतो, उरलेल्या मोडीतले काही उचलतो, काही ठेवतो. बुफेने ही घडी विसकटून टाकली. वाढपी दिसत नाही, आग्रह नाही, कधी कधी बिलही नाही. मग बक्षिसी द्यायची ती कोणाला आणि कशाबद्दल?

घाटात मी मनातल्या मनात एक हिशेब केला. माणशी कमीत कमी तीन ताटल्या, दोन वाट्या, एक पेला आणि एक कप. म्हणजे सात भांडी. पाच माणसांची पस्तीस. चार सकाळी मिळून एकशे चाळीस. कारण बुफेत कोणी एकाच ताटलीत सगळे खात नाही. इडलीची ताटली बाजूला सरकते, ऑम्लेटसाठी नवी येते, फळांसाठी तिसरी. आपण उठून पुढचा पदार्थ आणायला जातो आणि परत येतो तो टेबल स्वच्छ असते. ते कोणी केले, हे आपण पाहिलेलेच नसते. शिवाय पाणी भरणे, चहा-कॉफी आणणे, संपत आलेले भांडे आतून भरून आणणे, लहान मुलासाठी उंच खुर्ची ओढून आणणे, सांडलेले सांबार पुसणे ही कामे आहेतच. बुफेत वाढप्याचे काम कमी होते हे खरे. पण ताटलीत वाढण्यापुरतेच. उचलण्याचे काम उलट वाढते. कमी झाले ते काम आपल्याला दिसते आणि वाढले ते दिसत नाही, एवढाच फरक.

आपल्याकडे पंगतीत वाढणाऱ्याला पैसे देण्याची पद्धत नव्हती. वाढणारा घरचाच असे, नाहीतर शेजारचा. आज तो वाढी, उद्या आपण त्याच्या घरी वाढू. ती परतफेड पैशांत नव्हती, पण होती. ज्यांच्याशी अशी देवघेव होऊ शकत नसे त्यांच्यासाठी पोस्त होती. दिवाळीत पोस्टमनला, रखवालदाराला, सफाई कामगाराला घरोघर मिळणारी. वर्षभर आपल्यासाठी खपलेल्या माणसाला सणाच्या दिवशी रिकाम्या हाताने पाठवू नये, एवढाच तिचा अर्थ. हॉटेलातली टिप ही साहेबाची नक्कल आहे असे म्हणणाऱ्यांनी ही पोस्त आठवावी. शब्द परका आहे, रीत परकी नाही.

आता परदेशाची गोष्ट. मुले अमेरिकेत असल्यामुळे तिकडे फेरी मारून येणारे आई-वडील आज मराठी मध्यमवर्गात पुष्कळ आहेत, आणि तिथे गेल्यावर पहिला धक्का बसतो तो या टिपेचाच. टेबलावर येऊन वाढणाऱ्या वेटरला बिलाच्या पंधरा ते वीस टक्के देण्याची तिथे रीत आहे. बुफेत साधारण दहा टक्के. चौघांचे बिल शंभर डॉलर झाले तर दहा डॉलर. आपण त्याचे मनात रुपये करतो आणि घास अडकतो. पण त्यामागचे कारण कळले की रुपये करणे थांबते. अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे, आणि २००९ पासून ते तेवढेच आहे. पण ज्यांना टिपा मिळतात अशा कामगारांना मालकाने रोखीने ताशी फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात; बाकीचे टिपांतून भरून यावेत, आणि न आल्यास मालकाने भरावेत, अशी तरतूद आहे. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. म्हणजे तिथली टिप ही खुशाली नव्हे. तो वेटरच्या पगाराचाच एक भाग आहे, फक्त तो देण्याचे काम गिऱ्हाइकाकडे सोपवलेले आहे. काही राज्यांनी मात्र ही सवलत मालकांना दिलेली नाही. कॅलिफोर्निया हे त्यांतले एक. ज्या लास वेगास शहराच्या बुफेंची एवढी ख्याती आहे, ते नेवाडातले असल्यामुळे तिथल्या वेटरलाही राज्याचे पूर्ण किमान वेतन मिळते. तरी टिपेची रीत तिथेही आहेच.

याच्या अगदी उलट जपान. तिथे टिप देण्याची पद्धत नाही. टेबलावर पैसे ठेवून निघालात तर विसरून राहिले असे समजून वेटर ते परत द्यायला मागे धावत येण्याचा संभव अधिक. आभार मानावेत, किंचित वाकावे, निघावे. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे पदार्थाच्या किमतीतच धरलेले असतात. वर दोन-चार नाणी ठेवली तर ती खुशीची. सिंगापुरात बहुतेक उपाहारगृहांच्या बिलात दहा टक्के सेवा आकार आधीच लावलेला असतो. मोठ्या पर्यटक जहाजांवर तर माणशी रोजची बक्षिसी कित्येकदा खात्यावर आपोआप चढते. तेव्हा ज्या गावाला जायचे तिथली चाल आधी विचारून घ्यावी. सहल कंपनीबरोबर जात असाल तर टिपा सहलीच्या किमतीत धरल्या आहेत का, हा प्रश्न निघण्यापूर्वी विचारावा, विमानतळावर नव्हे.

आता खरा आक्षेप. “पगार देणे मालकाचे काम. आम्ही का द्यावा?” हा आक्षेप चिकूपणाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. तो शंभराहून अधिक वर्षे जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेत यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पुलमन कंपनीने झोपण्याच्या डब्यांवर नोकर म्हणून ठेवले ते अतिशय तुटपुंज्या पगारावर, बाकीचे उतारूंकडून मिळेल या हिशेबाने. हसतमुखाने हात पुढे केल्याशिवाय पोट भरणार नाही अशी ती व्यवस्था होती. १९०९ साली वॉशिंग्टन राज्याने टिपेवर बंदी घालणारा कायदा केला, आणखी काही राज्यांनी त्याचे अनुकरण केले. पण १९२६ पर्यंत हे सारे कायदे रद्द झाले. पुलमनच्या नोकरांना न्याय मिळाला तो असल्या बंदीने नव्हे, तर त्यांनी १९२५ साली उभारलेल्या संघटनेने. १९३७ साली कंपनीला त्यांच्याशी करार करावा लागला.

आपल्याकडेही बिलात ‘सेवा आकार’ म्हणून परस्पर रक्कम लावण्यावरून बरीच वर्षे वाद चालला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून असा आकार आपोआप लावण्यास मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना उचलून धरल्या. द्यायचे की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवावे, हे तत्त्व त्यात आहे. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने टिपेची पूर्ण रक्कम कामगारांना देणे मालकावर बंधनकारक केले आहे. असा कायदा आपल्याकडेही व्हावा असे मला मनापासून वाटते.

पण तोवर काय? ‘तत्त्व म्हणून मी टिप देत नाही’ असे म्हणणारे गृहस्थ मालकाला भेटून ‘तुमच्या पोरांचा पगार वाढवा’ असे सांगताना मी अजून पाहिलेले नाहीत. ते फक्त पाकीट आत ठेवतात. तत्त्व त्यांचे असते आणि त्याची किंमत भरतो तो ओडिशातून किंवा नेपाळातून आलेला, सुट्टीच्या हंगामात सकाळी सहापासून उभा असलेला मुलगा. आपण सुट्टीवर असतो तेव्हाच त्याचे काम सर्वांत जास्त असते. दिवाळी-नाताळात आपण घरच्यांना घेऊन निघतो, म्हणून तो घरी जाऊ शकत नाही.

दुसऱ्या टोकाचीही मंडळी आहेत. बसताक्षणी पाचशेची नोट नाचवून खिडकीजवळचे टेबल मिळवणारी, आणि मग त्या नोटेच्या जोरावर वेटरला घरगड्यासारखे राबवणारी. ती बक्षिसी नव्हे, खरेदी आहे. बक्षिसी काम झाल्यावर द्यायची असते, आणि तिने दुसऱ्या टेबलावरच्या म्हातारीचा चहा थांबता कामा नये.

मग द्यायचे तरी किती? माझ्यापुरता मी एक हिशेब ठरवला आहे. पटला तर घ्यावा. आपल्या देशात नाश्ता खोलीच्या भाड्यात असेल तर चार-पाच जणांच्या कुटुंबाने रोज पन्नास ते शंभर रुपये. पैसे मोजून घेतलेले बुफे जेवण असेल आणि बिलात सेवा आकार नसेल तर साधारण पाच टक्के. चौघांचे बत्तीसशे झाले तर दीडशे-दोनशे. बरोबर लहान मुले असतील, म्हातारी माणसे असतील, त्यांच्यासाठी कोणी दहा खेपा घातल्या असतील, तर दहा टक्क्यांपर्यंत जायला हरकत नाही. बिलावरचा जीएसटी सरकारजमा होतो, वेटरला नव्हे, हे विसरू नये. आणि कोणी खरोखरच उद्धटपणे वागला तर काही न देण्याचा हक्क आपला आहेच.

रकमेपेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी. पहिली, रोजचे रोज द्यावे. पाळ्या बदलतात, सुट्ट्या येतात. शेवटच्या दिवशी दिलेले पैसे पहिल्या दिवशी राबलेल्या हाताला मिळतीलच असे नाही. आम्ही हे अनुभवाने शिकलो. दुसरी, आत भांडी घासणारे आणि डोशाच्या तव्यापुढे तीन तास उभे राहणारे आपल्याला भेटत नाहीत; सर्वांसाठी सामाईक पेटी असेल तर थोडे तिच्यातही टाकावे. हल्ली सारे व्यवहार मोबाईलवरून होतात आणि खिशात सुटे पैसे नसतात, ही सबब मीही सांगितलेली आहे. पण सहलीला निघताना आपण औषधे, टॉर्च, चिवड्याचा डबा आठवणीने घेतो. दहा-वीस, पन्नासाच्या नोटांचे एक पुडकेही घेता येते.

पुढच्या सुट्टीत आम्ही कोकणात गेलो तेव्हा असे पुडके मी मुलाच्याच हाती दिले. पहिल्या दिवशीचा नाश्ता झाल्यावर तो उठला, कोपऱ्यात ताटल्या रचणाऱ्या मुलाजवळ गेला, काहीतरी बोलून परत आला. मी विचारले, “दिलेस?” तो “हो” म्हणाला. आईने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, “नाव विचारलंस का त्याचं?”

तो पुन्हा उठला.