घरगुती यंत्रविचार : इंजिनातील टिकटिक



या वेळी आम्ही जो विषय घेतला आहे, तो जवळजवळ प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा निघतो. गाडी चालू आहे, काट्यांवर काही वावगे दिसत नाही, आणि तरीही बॉनेटखालून कसलीशी टिकटिक ऐकू येते. अशा वेळी कोणी रेडिओचा आवाज वाढवितो, तर कोणी घाबरून थेट मुसाख गाठतो आणि सांगतील तितके पैसे मोजतो. हे दोन्ही मार्ग आम्ही स्वतः चोखाळले आहेत, म्हणून प्रथम आमचीच हकिगत सांगतो.

आम्ही दिमोनात राहत असताना आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी बेर-शेवाला न्यावे लागे. जाण्याचे सुमारे 35 किलोमीटर, येण्याचे तितकेच. गाडी जुनी होती, पण आमचा सारा भार तिच्यावर होता. एके सकाळी मागच्या आसनावरून आई म्हणाली, "अरे, हे घड्याळासारखं काय वाजतंय?" आम्ही म्हणालो, "काही नाही आई, जुनी गाडी आहे, बोलणारच." त्यानंतर दोन आठवडे आई अधूनमधून तेच विचारीत राहिली आणि आम्ही तेच उत्तर देत राहिलो.

पुढे आवाज वाढला तेव्हा आम्ही गाडी एका मुसाखमध्ये नेली. तेथील गृहस्थांनी क्षणभर कान दिला आणि इंजिनाचा वरचा भाग उघडून सारे टॅपेट बदलावे लागतील असे सांगितले. खर्च आमच्या एका महिन्याच्या पगाराहून अधिक होता, आणि गाडी आठवडाभर तेथेच राहणार होती. आईला बेर-शेवाला न्यायचे कसे, या विवंचनेत आम्ही घरी परतलो.

त्या संध्याकाळी शेजारचे काका आले. मुंबईस असताना ते परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी इंजिन चालू करावयास सांगितले, एक लांब स्क्रू-ड्रायव्हर मागितला, त्याचे टोक इंजिनावर ठेवले आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. दोन-तीन जागा ऐकून झाल्यावर त्यांनी इंजिन बंद करविले आणि विचारले, "तेल पाहिलंस का?"

आम्ही पाहिले नव्हते. मुसाखमध्येही कोणी पाहिले नव्हते. डिपस्टिक बाहेर काढली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. काका हसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "आपले वाडवडील कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जात. घाणा चालविणाऱ्यांच्या घरी गाडी कोरडी राहावी?"

आता या टिकटिकीचे कारण पाहू. इंजिनातील व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचे काम करणारे टॅपेट पुष्कळ गाड्यांत तेलाच्या दाबावर चालतात. तेल फार कमी झाले की पंप तेलाबरोबर हवाही ओढू लागतो, टॅपेट पुरते भरत नाहीत, आणि धातूवर धातू आपटून टिकटिक सुरू होते. "पण लाल दिवा तर लागला नव्हता," असे आम्हीही म्हणालो होतो. तो दिवा तेल किती आहे हे दाखवीत नाही. दाब अगदी खाली गेल्यावरच तो पेटतो. तेव्हा दिवा लागण्याची वाट पाहणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे होय. वाटेत तो लागलाच, तर त्याच क्षणी बाजूस थांबून इंजिन बंद करावे.

आवाजाचे निदान करताना काकांनी आम्हांस तीन प्रश्न शिकविले : केव्हा, कशाबरोबर आणि कोठून.

पहिला प्रश्न, केव्हा? किल्ली फिरवताना लागोपाठ कट्-कट्-कट् असा आवाज येऊन इंजिन फिरत नसेल, तर बहुधा बॅटरी क्षीण झालेली असते किंवा तिची टोके गंजलेली असतात. चांगली भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते. नेगेवच्या उन्हात बॅटरीचे आयुष्य घटते हे ध्यानी असावे. एकच जड 'कट्' येत असेल, तर पुढचे दिवे लावून पाहावे. किल्ली फिरवताच दिवे मंदावले, तर बॅटरी व जोडण्या आधी तपासाव्यात. दिवे तेजस्वीच राहिले, तर स्टार्टरकडे संशय वळवावा. इंजिन बंद केल्यानंतर येणारी टिकटिक मात्र बहुधा तापलेला धातू निवताना आकसतो त्याची असते. तिची चिंता नको.

दुसरा प्रश्न, कशाबरोबर? इंजिनाचा वेग वाढविला असता टिकटिकही वाढते काय? वाढत असेल तर दोष फिरत्या भागांशी निगडित आहे. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. म्हणून टॅपेटचा आवाज हलका आणि इंजिनाच्या निम्म्या गतीचा असतो. याउलट खालून येणारा जड ठोका बेअरिंगचा असू शकतो. तो ऐकू आल्यास गाडी पुढे हाकू नये. वातानुकूलन चालू करताच टक्-टक् वारंवार येऊ लागली, तर कॉम्प्रेसरचा क्लच पुन्हा पुन्हा जोडला-सुटला जात असावा. वायू कमी झाल्याचे ते लक्षण असू शकते.

तिसरा प्रश्न, कोठून? थंड इंजिनात येणारी आणि तापल्यावर नाहीशी होणारी टिकटिक धुराच्या मार्गातील फटीची असू शकते. ती क्षुल्लक मानू नये, कारण तो विषारी धूर गाडीत शिरण्याचा संभव असतो. उलट, इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरांची टिकटिक, किंवा टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनाकडे सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हची टिकटिक ही निरोगी गाडीतही ऐकू येते.

कान देताना काळजी घ्यावी. गाडी मोकळ्या हवेत उभी करावी, हातब्रेक ओढावा, सैल बाह्या व ओढण्या दूर ठेवाव्यात, आणि स्क्रू-ड्रायव्हर पट्टा व पंख्यापासून लांब धरावा. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अकस्मात फिरू लागतो. तेल पाहताना गाडी सपाट जागी ठेवून इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबावे. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल थोडे थोडे घालावे आणि वरच्या खुणेपलीकडे जाऊ नये. पुष्कळ गाड्यांत दोन खुणांमधील अंतर सुमारे एक लिटरचे असते.

आमच्या गाडीत तेल घातल्यावर काही मिनिटांतच टिकटिक विरली. तथापि काकांनी आम्हांस तेवढ्यावर सोडले नाही. "तेल गेलं कुठं, ते शोध," असे ते म्हणाले. वरच्या झाकणाचे गॅस्केट झिरपत होते. दुसऱ्या एका मुसाखमध्ये ते एका दुपारी, अल्प खर्चात बदलून मिळाले. आणखी काही आठवडे आम्ही तसेच चालविले असते, तर त्या उजाड रस्त्यावर, आई मागे बसलेली असताना, इंजिन जागच्या जागी आवळून बसले असते.

पुढच्या खेपेस निघताना आईने मागून विचारले, "आज तुझं घड्याळ बंद पडलं वाटतं?" आम्ही तिला सारी हकिगत सांगितली. ती म्हणाली, "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

ते खरेच होते. तेव्हा आमच्या यादीत आम्ही चौथा प्रश्न स्वतःच्या पदरचा जोडला आहे : गाडीत बसलेल्यांपैकी कोणी आधी काही सांगितले होते काय? चालविणाऱ्याच्या कानांना रोजच्या आवाजाची सवय होते. मागे शांत बसलेल्या वडीलधाऱ्यांना ती नसते. दर पंधरवड्यास एकदा डिपस्टिक काढून पाहावी, आणि आईचे म्हणणे पहिल्याच दिवशी ऐकावे, इतकीच आमची विनंती.