एक उत्तर अडले, म्हणून किती रात्री जागायचे?



मागच्या महिन्यात घाटकोपर पूर्वेच्या आमच्या वस्तीतली एक मुलगी बँकेच्या अधिकारी पदाची मुलाखत देऊन आली. पूर्व परीक्षा आणि मुख्य परीक्षा तिने विहाराच्या अभ्यासिकेत बसून पार केल्या. घरात एकच खोली आणि माणसे सहा, म्हणून रात्री अकरापर्यंत अभ्यासिका तिच्यासाठी उघडी असायची. मुलाखतीत बहुतेक प्रश्न बरे गेले. मग समोरच्या एका सदस्याने विचारले, "रिझर्व्ह बँकेच्या स्थापनेशी डॉक्टर आंबेडकरांचा काय संबंध?"

हा प्रश्न तिला न येणारा नव्हता. चौदा एप्रिलच्या भाषणांत लहानपणापासून तिने तो ऐकला होता, दोन वेळा स्वतःच त्यावर बोलली होती. पण त्या क्षणी घशाला कोरड पडली. बाबासाहेबांच्या रुपयावरच्या पुस्तकाचे नाव आठवले, पुढचे काही नाही. हिल्टन यंग आयोग आठवला नाही, वर्ष चुकले, आणि "सॉरी सर" म्हणून ती गप्प झाली.

पुढचे आठ दिवस तिला धड झोप लागली नाही. जेवताना घास हातात राहायचा. आईने विचारले तर म्हणाली, "दुसरं काहीही अडलं असतं तर चाललं असतं गं. बाबासाहेबांवरच अडले. लोकांना काय तोंड दाखवू?"

अभ्यासिका चालवणारे आम्ही काही जण तिच्याशी बोललो. नाव न घालता लिहा, असे तिनेच सांगितले. हे पान आरोग्याचे आहे आणि आम्ही मुलाखतीबद्दल लिहितो आहोत, कारण झोप उडणे, भूक मरणे आणि छातीत धडधडणे ही आरोग्याचीच गोष्ट आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. उत्तर एका मिनिटात चुकते. त्याचा आठ दिवसांचा त्रास होतो, तो आपण आपल्या मुलांच्या खांद्यावर ठेवलेल्या ओझ्यामुळे. खुर्चीवर एक मुलगी बसलेली असते आणि तिच्या डोक्यावर अख्खी वस्ती बसलेली असते.

आधी शरीराचे पाहू. अनोळखी मोठ्या माणसांसमोर बसलो की शरीर धोका समजून तयारीला लागते. हृदय जोरात धावते, तळहात घामेजतात, तोंड सुकते. ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात वाढतात. धावण्यासाठी ती कामाची, पण डोक्यात साठवलेली गोष्ट नेमक्या वेळी बाहेर काढण्याच्या कामात ती अडथळा आणतात. म्हणून पाठ असलेले नावही आठवत नाही आणि जिना उतरता उतरता सगळे आठवते. यात बुद्धीचा किंवा निष्ठेचा काही दोष नाही.

मुलाखत संपली की मन रवंथ सुरू करते. तेच वाक्य, तोच चेहरा, तेच "सॉरी सर". आपल्याला वाटते, आपण चुकीचा अभ्यास करतो आहोत, पुढच्या वेळी उपयोग होईल. पण पन्नास वेळा तेच आठवून एकही नवीन गोष्ट कळत नाही. फक्त झोप जाते.

भगवान बुद्धांनी हे फार नेमके सांगून ठेवले आहे. संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात दोन बाणांचा दाखला आहे. एखाद्याला एक बाण लागतो, त्याची वेदना होते. तेवढ्यात दुसरा बाणही लागावा, तसे अजाण माणसाचे होते. शरीराला दुखते आणि त्या दुखण्यावर तो मनाने शोक करत राहतो. जाणत्या माणसाला पहिला बाण चुकत नाही, पण दुसरा लागत नाही. उत्तर अडले, वाईट वाटले, हा पहिला बाण. "मी समाजाची मान खाली घातली" हा दुसरा. आणि या दुसऱ्या बाणाला धार लावण्यात आपल्या घरांचा हात असतो, हे कबूल केले पाहिजे.

आता ज्या प्रश्नावर ती अडली, त्याच पुस्तकाची हकिगत पाहा. बाबासाहेबांचे 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे मुळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डी.एस्सी. पदवीसाठी लिहिलेला प्रबंध. १९२३ साली परीक्षकांनी तो जसाच्या तसा स्वीकारला नाही, पुन्हा लिहून द्या म्हणाले. त्याच वर्षी बाबासाहेब मुंबईला परतले, इथे बसून त्यांनी प्रबंधात दुरुस्त्या केल्या आणि लंडनला पाठवला. १९२३ संपण्याआधी त्यांना डी.एस्सी. मिळाली आणि पुस्तकही छापून निघाले. पुढे १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी याच विषयावर साक्ष दिली आणि १९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली. ज्या कामाचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, ते काम एकदा परत आलेले होते. परत आल्यावर त्यांनी काय केले, ते आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. आपण भाषणांत फक्त पदव्या मोजतो.

हिशेबही डोळे उघडे ठेवून करावा. बँक अधिकाऱ्यांच्या आयबीपीएस निवडीत मुख्य परीक्षेला ८० टक्के वजन असते आणि मुलाखतीला २०. यूपीएससीच्या अंतिम यादीत एकूण २०२५ गुणांपैकी मुलाखतीचे २७५. मुलाखतीत पाच-दहा प्रश्न तरी होतातच. त्यातला एक अडला तर नुकसान होऊ शकते, नाही असे नाही. पण सगळे बुडाले, हे त्या हिशेबात बसत नाही. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. माणसाची लायकी ठरवायला मुलाखत हा एकमेव काटा असता, तर त्या बंद झाल्या नसत्या.

मग करायचे काय? त्या मुलीला आम्ही वही घ्यायला सांगितली. तीन रकाने आखायचे. पहिल्यात, जे मला खरोखर येत नव्हते. दुसऱ्यात, जे येत होते पण त्या वेळी आठवले नाही. तिसऱ्यात, जो प्रश्न विचारायलाच नको होता.

पहिल्या रकान्यासाठी उपाय अभ्यास. ज्याचे उत्तर येत नव्हते ते शोधून एकदा लिहायचे आणि वही मिटायची.

दुसऱ्यासाठी उपाय सराव. घरात आरशासमोर बोलून भागत नाही. विहारात चार मोठी माणसे टेबलामागे बसवावीत, अनोळखी असली तर अधिक बरे, आणि त्यांच्यासमोर उत्तरे द्यावीत. उत्तर आठवले नाही तर एक श्वास घेऊन "नेमके वर्ष आठवत नाही, पण मुद्दा असा आहे" हे म्हणायचीही सवय करावी. हे म्हणणे लाजिरवाणे नाही.

तिसऱ्या रकान्याबद्दल आम्हाला जास्त बोलायचे आहे. आमच्या मुलामुलींना अजूनही आडनावावरून विचारले जाते. वडील काय करतात, राहता कुठे, आरक्षणाबद्दल मत काय. हे आमचे रडगाणे नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे कमी आले. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले की उमेदवाराची घरची पार्श्वभूमी विचारणे त्यांना अगदी रास्त वाटते. अशा प्रश्नावर जीभ अडखळली, राग आला किंवा डोळ्यांत पाणी आले, तर ते आपले चुकलेले उत्तर मानू नका. तो दोष विचारणाऱ्याचा आहे. तो प्रश्न वहीत तारखेसह लिहून ठेवावा आणि जाणत्या कार्यकर्त्यांना दाखवावा, म्हणजे पुढच्या मुलांना आधीच सावध करता येते. रात्रभर स्वतःलाच बोल लावून काही हाती लागत नाही.

काळजीसाठी दिवसातला अर्धा तास ठरवून द्यावा, ही मानसशास्त्रातली जुनी आणि साधी रीत आहे. समजा संध्याकाळी सहा ते साडेसहा. इतर वेळी विचार आला की "सहा वाजता बघू" म्हणायचे आणि हातातले काम करायचे. सहाला बसून मनसोक्त काळजी करायची, लिहायची. ही वेळ झोपायच्या तोंडावर नको. रात्री मन फारच उसळले तर आनापान करावे, श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढेच पाहावे. संध्याकाळनंतरचा चहा काही दिवस बंद. आणि मुलाखत दिलेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "तू काय उत्तर दिलंस?" हे विचारणे निकालापर्यंत पूर्ण बंद.

गल्लीतले सगळे आपल्याकडेच बघतात, असेही वाटते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात यावर एक प्रयोग झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. त्यांना वाटले, निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असणार. प्रत्यक्षात पाव लोकांच्याच लक्षात आला होता. नळावर बायका आपल्याच मुलाखतीची चर्चा करत असतील असे वाटते तेव्हा हे आठवावे. त्यांना पाणी जाण्याची घाई असते.

तरीही घरच्यांनी, शेजाऱ्यांनी काही गोष्टी थांबवल्या पाहिजेत. पोर मुलाखतीहून दारात आले की "किती प्रश्न आले? होईल ना गं सिलेक्शन?" असे विचारू नये. आधी पाणी द्यावे, जेवलीस का विचारावे. ती आपणहून बोलेल तेव्हा ऐकावे. निकालाआधी अभिनंदनाचा बॅनर लावू नये. "तुझ्यावर आमची सगळी मदार आहे" हे वाक्य प्रेमाचे वाटते, पण ऐकणाऱ्याच्या छातीवर ते दगडासारखे बसते. काही वडीलधारे म्हणतात, काळजी नाही केली तर पोरं पुढे कशी जातील? दादा, काळजी आणि मेहनत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेहनत तिने अभ्यासिकेत केली आहे, आपण सगळ्यांनी ती पाहिली आहे.

आणि घरच्यांनी लक्षही ठेवावे. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशात मन लागत नाही, सारखे रडू येते, असे असेल तर "होईल बरं" म्हणून सोडू नका. सायन, केईएम, नायर, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केसपेपर काढून दाखवता येते, तिथे जायला वेडे व्हावे लागत नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. जगण्यात अर्थ नाही, असे मूल एकदा जरी बोलले तरी त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या. २०२१ साली पुण्यात मुख्य परीक्षा पास होऊन मुलाखतीची वाट पाहणारा एक तरुण आपण गमावला. ते दुःख अजून ताजे आहे.

आमच्या मुलीचा निकाल अजून लागलेला नाही. निवड होईल की नाही, आम्हाला माहीत नाही. गेल्या रविवारी बुद्धवंदना झाल्यावर आम्ही टेबल मांडले आणि चार जण तिच्यासमोर बसलो. पहिला प्रश्न तिनेच सुचवला, रिझर्व्ह बँकेचा. या वेळी तिने सावकाश, नीट उत्तर दिले. तिची आई मागे बसून ऐकत होती. येत्या रविवारी आणखी तिघांची मुलाखत घ्यायची आहे. टेबलामागे बसायला माणसे कमी पडतात, ज्यांना जमेल त्यांनी यावे.