द्रवणांकापलीकडचे पॉलिएस्टर

एस्टर गट ध्रुवीय असतो. तेव्हा तो साखळ्यांना घट्ट धरून ठेवून द्रवणांक वाढवत असेल, अशी सहज समजूत होते. ती चुकीची आहे. पॉलिइथिलीन अडिपेट सुमारे ५० अंश सेल्सिअसला वितळते, तर एस्टरचा पत्ताही नसलेले उच्च घनतेचे पॉलिइथिलीन १३० अंशांच्या आसपास. द्रवणांक म्हणजे वितळतानाची एन्थाल्पी भागिले एन्ट्रॉपी. मिथिलीन गटांची साखळी मोकळी झाली की हवी तशी वळते, आणि ऑक्सिजनचा बंध तिला आणखी लवचीक करतो. रसायनशास्त्रज्ञ कॅरोदर्स यांच्या अशा लवचीक पॉलिएस्टरपासून धागे निघाले, पण इस्त्रीपुढे टिकणारे कापड त्यांतून होणे नव्हते.

१९४१ मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी टेरेफ्थॅलिक आम्ल घेतले. पॅरा स्थानी जोडलेल्या बेंझीन वलयाने साखळी ताठ आणि सरळ झाली, द्रवणांक २५० अंशांपलीकडे गेला; हेच पीईटी. तेच वलय मेटा स्थानी जोडले, म्हणजे आयसोफ्थॅलिक आम्ल वापरले, तर साखळीला कोपर येते आणि स्फटिक जुळणे अवघड होते. बाटलीच्या चिप्समध्ये ते थोडे मिसळतात ते याचसाठी.

काच-संक्रमण तापमानाचे गणित वेगळे. पीईटीत ते ७५ अंशांच्या आसपास असते. बेंझीनऐवजी नॅफ्थलीन आणलेल्या पीईएनमध्ये ते सुमारे १२० होते, द्रवणांक मात्र जेमतेम दहा-बारा अंशांनी वाढतो. बाटलीत गरम रस भरणाऱ्याला पहिलाच आकडा उपयोगी, आणि डिस्पर्स रंगांनी पीईटी रंगवायला १३० अंशांचे दाबपात्र का लागते हेही तोच सांगतो.

पीबीटीत पीईटीपेक्षा दोन मिथिलीन जास्त. द्रवणांक २२५ पर्यंत उतरतो, काच-संक्रमण ४५ च्या आसपास येते. कागदावर हे पीईटीपेक्षा हलकेच दिसते. पण लवचीक साखळी झटपट स्फटिकात बसते, म्हणून इंजेक्शन मोल्डिंगमध्ये पीबीटी सरस ठरते. पीईटीचा आळस मात्र बाटलीच्या प्रीफॉर्मला पारदर्शक ठेवतो. एवढे महत्त्वाचे असूनही स्फटिकीकरणाचा वेग माहितीपत्रकांत क्वचितच छापतात. डीएससीचा (उष्मामापन चाचणीचा) थंड होतानाचा आलेख मागून घ्यावा.

वितळल्यावर दुर्बळ जागा एस्टरच. ओलसर चिप्समध्ये पाणी साखळी तोडते आणि श्यानता घसरते. चिप्स कोरड्या असल्या तरी अति तापमानाला एस्टरच्या ऑक्सिजनपासून दुसऱ्या कार्बनवरील हायड्रोजनमुळे साखळी तुटते, आणि पीईटीत त्यातून पुढे अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होऊन बाटलीतल्या पाण्याची चव बिघडते.