कर्जाच्या पोटातला विमा



उसाचे बिल हातात पडले की आपला सभासद काय करतो? आधी वजन पाहतो, मग दर पाहतो, आणि मग बोट खाली सरकवत कपातीच्या रकान्यावर येतो. सोसायटीची वसुली किती, बेण्याचे किती, खताचे किती. एखादी अनोळखी कपात दिसली की सरळ ऑफिसात येऊन विचारतो, "हे पैसे कशाचे धरले?" ही सवय चांगली आहे. सहकारात ती असलीच पाहिजे.

परंतु हाच सभासद ट्रॅक्टरसाठी, घरासाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला जातो, तेव्हा साहेब बोट ठेवील तिथे सही करतो आणि एकही कागद वाचत नाही. मंजूर झालेली रक्कम एक आणि हातात पडलेली दुसरी. मधले पैसे कुठे गेले म्हणून विचारले, तर उत्तर मिळते, "प्रोसेसिंग, स्टॅम्प आणि विमा." कसला विमा, कोणत्या कंपनीचा, किती वर्षांचा, हे घरी कुणालाच ठाऊक नसते. उद्या घरावर प्रसंग आला, तर विमा होता हेच माहीत नसल्यामुळे वारस मागायलाही जात नाहीत. हप्ता भरूनही विमा नसल्यासारखाच.

या विषयावर लिहिण्याचे कारण असे की, असाच प्रकार इंग्लंडात फार मोठ्या प्रमाणावर झाला, आणि तिथल्या सामान्य माणसाने ते पैसे परत मिळवले. ती हकिगत आपल्या सभासदांना माहीत असावी असे आम्हांस वाटते.

तिकडे या विम्याला 'पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स' म्हणत, म्हणजे हप्ता-संरक्षण विमा. कर्जदार आजारी पडला, अपघात झाला, नोकरी गेली, तर काही काळ त्याचा हप्ता विमा कंपनी भरणार. कल्पना वाईट नाही. वाईट होती ती विकण्याची रीत. प्रामुख्याने १९९० ते २०१० या वीस वर्षांत तिकडे सुमारे ६ कोटी ४० लाख अशा पॉलिसी विकल्या गेल्या. कुणाला सांगितले, "विमा घेतला तर कर्ज लवकर मंजूर होईल." कुणाच्या फॉर्मवर विम्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली. ज्याला आधीपासून दुखणे होते त्यालाही विमा विकला, आणि तेच दुखणे विम्यातून वगळलेले. स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या गळ्यात नोकरी गेल्याचा विमा बांधला. शेतकऱ्याला कामावरून कमी केल्याचा विमा विकावा, तसलाच हा प्रकार!

यावर कडी म्हणजे पुष्कळ कर्जांत विम्याची सगळी रक्कम पहिल्याच दिवशी कर्जात मिळवत. म्हणजे विमा उधारीवर, आणि त्या उधारीवर कर्जाइतकेच व्याज.

यातला एक खटला इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यातले आकडे वाचण्यासारखे आहेत. कॉलेजात शिकवणाऱ्या एका विधवा बाईंनी २००६ साली ३४,००० पौंड कर्ज घेतले. मुदत दहा वर्षे. त्यात ५,७८० पौंडांचा विमा मिळवला, त्याची मुदत मात्र पाचच वर्षे. या ५,७८० पौंडांपैकी विमा कंपनीकडे किती गेले? फक्त १,६३०. मधल्या दलाल कंपनीने १,८७० घेतले आणि कर्ज देणाऱ्या कंपनीने स्वतःकडे २,२८० ठेवले. हिशेब करा. शंभरातले जवळजवळ बहात्तर दलालीत आणि अठ्ठावीस विम्याला. काट्यावर दहा टन ऊस घालावा आणि पावतीवर पावणेतीन टन यावा, अशातला हा मामला. बाईंना ही दलाली कुणी सांगितली नव्हती. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले की, एवढी मोठी दलाली कर्जदारापासून लपवली, म्हणजे त्या व्यवहाराचे नातेच अन्यायाचे झाले. पुढे तिथल्या नियामक संस्थेने नियम केला की, विम्याच्या रकमेत निम्म्याहून जास्त दलाली असेल आणि ती सांगितली नसेल, तर निम्म्यावरचा भाग तरी परत केलाच पाहिजे.

हे सगळे आपोआप झाले नाही. 'सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस' ही लोकांना मोफत सल्ला देणारी संस्था. तिच्या केंद्रांवर कर्जबाजारी माणसे कागद घेऊन येत, त्यातून हा प्रकार उघड होत गेला. सप्टेंबर २००५ मध्ये या संस्थेने सरकारी खात्याकडे रीतसर मोठी तक्रार दाखल केली. चौकश्या झाल्या, दंड झाले. २०१० मध्ये नियामकाने तक्रारींचा निकाल कसा लावायचा याचे नियम घालून दिले, तेव्हा बँकांची संघटना उलट न्यायालयात गेली. "मागच्या व्यवहारांना आजचे नियम लावता," हे तिचे म्हणणे. एप्रिल २०११ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. मे महिन्यात लॉइड्स बँकेने एकटीने ३२० कोटी पौंड परतफेडीसाठी बाजूला काढले, आणि मग बांध फुटला. जानेवारी २०११ पासून २०१९ च्या अखेरीपर्यंत बँकांनी आणि सावकारी कंपन्यांनी लोकांना परत केलेली रक्कम ३,८३० कोटी पौंडांच्या घरात जाते.

पैसे परत मिळायची रीत साधी होती. कर्ज देणाऱ्याला पत्र लिहायचे: माझ्या कर्जात असा विमा होता काय, असल्यास तो चुकीच्या पद्धतीने विकला आहे, पैसे परत द्या. जुना कागद हाती नसला तरी बँकेने आपले दप्तर तपासून सांगायचे. उत्तराला आठ आठवडे. पटले नाही तर सहा महिन्यांच्या आत लोकपालाकडे जायचे, तिथे फी नाही. तक्रार खरी ठरली की विम्याची रक्कम, तिच्यावर घेतलेले व्याज, आणि वर साधारणपणे सालाना ८ टक्के सरळव्याज. शेवटची तारीख होती २९ ऑगस्ट २०१९. त्या तारखेपर्यंत ज्यांनी मागितले त्यांची दखल घ्यावी लागली. जे घरी बसले त्यांच्यासाठी ही वाट बहुतेक बंद झाली.

इथे एक इशारा. पैसे परत मिळू लागताच गावोगाव मधली माणसे उभी राहिली. "तुमचे काम आम्ही करून देतो," म्हणून रोज फोन. जे काम एका पत्रात फुकट होत होते, त्यासाठी ही मंडळी मिळालेल्या रकमेतला तिसऱ्या हिश्श्यापर्यंत वाटा खात. शेवटी २०१८ मध्ये कायदा करून त्यांची फी २० टक्के अधिक कर एवढ्यावर आणावी लागली. आधी दलालाने विम्यात खाल्ले, मग दलालाने परतफेडीत खाल्ले. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! आपल्याकडेही "तुमचे विम्याचे पैसे अडकले आहेत, आधी एवढे भरा" असे फोन येतात. असा फोन आला की तो ठेवून द्यावा. एक पैसाही भरू नये आणि मोबाइलवर आलेला आकडा सांगू नये.

आता आपल्याकडचे बघू.

आधी एक गल्लत टाळली पाहिजे. पीक विमा हा वेगळा विषय. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०१६ च्या खरिपापासून कर्जदार शेतकऱ्याला अधिसूचित पिकांसाठी सक्ती होती, ती २०२० च्या खरिपापासून गेली. परंतु कर्जदाराला तो नको असेल तर मुदतीपूर्वी तसे लेखी द्यावे लागते, हे ध्यानात ठेवावे. ट्रॅक्टरचा किंवा गाडीचा तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, त्याबद्दल वाद नाही. आम्ही बोलतो आहोत ते कर्जदाराच्या जिवावर किंवा आजारपणावर कर्जासोबत काढल्या जाणाऱ्या विम्याबद्दल. हा विमा कायद्याने सक्तीचा नाही. रिझर्व्ह बँकेने २०१६ साली बँकांना घालून दिलेल्या नियमांत स्पष्ट म्हटले होते की, ग्राहकाने विमा घेणे पूर्णपणे ऐच्छिक असावे आणि बँकेची सेवा व विमा यांची प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष सांगड घालू नये. तेव्हा "विमा घेतल्याशिवाय कर्ज होत नाही" असे कुणी म्हणाले, तर "हे लेखी द्या" एवढेच म्हणावे. लेखी कुणी देत नाही, हा अनुभव येईल.

सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवतो.

(१) कर्जमंजुरीच्या पत्राची आणि प्रत्येक सही केलेल्या कागदाची प्रत मागून घ्यावी. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या घरकर्ज, वाहनकर्ज, वैयक्तिक कर्ज अशा कर्जांवर बँकेने आणि फायनान्स कंपनीने कर्जदाराला समजेल अशा भाषेत मुख्य बाबींचे पत्रक दिले पाहिजे. त्यात विम्यासाठी कापलेली रक्कम वेगळी दाखवायची आणि ती वार्षिक खर्चाच्या दरातही धरायची आहे. ते पत्रक घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्यावे.

(२) विमा निघाला असेल तर पॉलिसी किंवा विम्याचे प्रमाणपत्र मागावे. एक वर्ष किंवा त्याहून अधिक मुदतीची आयुर्विम्याची पॉलिसी पटली नाही, तर कागद हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. थोडी वजावट होऊन पैसे मिळतात.

(३) तीस दिवस उलटले म्हणून गप्प बसू नये. न सांगता विमा उतरवला असेल तर कर्ज देणाऱ्याकडे आणि विमा कंपनीकडे, दोघांकडे, लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. कर्ज मुदतीआधी फेडले असेल, तर उरलेल्या मुदतीच्या विम्याचे काय झाले हेही याच पत्रात विचारावे.

(४) विमा कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत जाता येते. पुणे आणि मुंबई येथे त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

यावरून विमाच घेऊ नये असा अर्थ कुणी काढू नये. घरचा कर्ता गेला आणि कर्ज मागे राहिले, म्हणजे त्या घराचे काय होते हे आपण शिवारात पाहतो. समजून घेतलेला, दर विचारून घेतलेला विमा अशा वेळी जमीन वाचवतो. आमचे भांडण आहे ते न सांगता उतरवलेल्या विम्याशी.

शेवटी आपल्या घरातली गोष्ट. १८४४ साली रॉचडेलच्या विणकरांनी ज्या देशात सहकाराचा पाया घातला, त्याच देशातल्या को-ऑपरेटिव्ह बँकेलाही या परतफेडीसाठी रक्कम बाजूला काढावी लागली. म्हणजे नावात सहकार असला म्हणून मोह चुकतो असे नाही. दलालीचे उत्पन्न बिनकष्टाचे असते. ताळेबंदात ते चांगले दिसते, त्यातून लाभांशही वाढवून देता येतो. पण सभासदाच्या खिशातून न सांगता काढायचे आणि लाभांश म्हणून त्यालाच परत वाढायचे, याला सहकार कसे म्हणावे?

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, आपल्या भागातल्या ज्या ज्या सहकारी बँका, पतसंस्था आणि सोसायट्या कर्जासोबत विमा विकतात, त्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. विम्याचा अर्ज आणि सही कर्जाच्या कागदांपासून वेगळी ठेवावी. इंग्लंडात तर चौकशीनंतर नियम झाला की, कर्ज दिल्यावर सात दिवस जाईपर्यंत विमा विकायला जायचेच नाही. दुसरे, विमा नाकारल्याने कर्जावर परिणाम होणार नाही, असे ठळक मराठीत लिहून काउंटरवर लावावे. तिसरे, वर्षभरात विम्याच्या दलालीतून संस्थेला किती मिळाले, तो आकडा वार्षिक अहवालात वेगळा छापावा.

हे मागायचे कुणी? मालक कोण, त्यांनीच. आपल्यातले बहुतेक सभासद या संस्थांचेही भागधारक आहेत. येत्या वार्षिक सभेत चहा-नाश्ता होऊन सगळे विषय "मंजूर, मंजूर" म्हणत संपण्याआधी एकाने तरी उठून हा प्रश्न विचारावा. आणि त्याआधी घरी ट्रंकेत ठेवलेले कर्जाचे कागद एकदा बाहेर काढून पाहावेत.